सायटिकाचं खापर नसेच्या वाटेवर नको

संपादक महोदय,
रविवारच्या आरोग्य पुरवणीतल्या सायटिकावरच्या लेखात, सायटिक नस (कमरेतून पायात उतरणारी) कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून न जाता त्याच्या मधून गेली की पाय दुखणारच असं जे ठासून लिहिलंय ते काही पटलं नाही. नसेच्या या वेगवेगळ्या वाटा बीटन आणि अॅन्सन या शरीररचना अभ्यासकांनी १९३७ सालीच सहा प्रकारांत मांडल्यात, आणि २०१० मध्ये स्मॉल यांनी सहा हजारांवर मृतदेहांच्या नोंदी एकत्र केल्या तर १६.९ टक्क्यांत वाट वेगळी निघाली, पिरिफॉर्मिसमुळे होणाऱ्या दुखण्यासाठी ऑपरेशन झालेल्या पेशंटांत १६.२. म्हणजे जवळपास तेवढीच! दुखण्याचं मूळ तिथेच असतं तर पेशंटांत हा आकडा बराच चढा नको होता का?

माझ्या मेव्हण्याच्या रिपोर्टमध्ये नस स्नायूमधून जाते अशी एक ओळ होती, तर गडी महिनाभर एका कुल्ल्यावर रेलून बसायचा, स्कूटर बंद, आणि शेवटी निघालं काय तर कमरेतली सरकलेली गादी, जे सायटिकाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. एखाद्याची नस स्नायूतच आवळली जाते, नाही असं नाही. पण लेखात गादीला एक ओळही मिळू नये?

— एक वाचक, सातारा