बाबा, तुमचा काळा घोडा सापडला

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगणार होते, पण बाबांना अर्धवट ऐकू येतं आणि हे अर्धवट राहून चालणार नाही, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, मी खरा काळा घोडा, तुमचा तो फोर्टातला पुतळा, बघून आले!

तुम्ही किती वेळा सांगितलंय, शनिवारी आजोबांचं फोर्टातलं ऑफिस लवकर सुटायचं, तुम्ही घोड्याखाली वाट बघत उभे राहायचात आणि 1965 ला एकदा गेलात तर चौकात घोडाच नाही. तेव्हापासून तुमच्या डोक्यात बसलंय की तो भंगारात गेला असणार. नाही गेला हो बाबा, भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, भाऊ दाजी लाड म्युझियमजवळ.

आधी मी फोर्टातच गेले. तिथे 2017 पासून नवीन घोडा आहे, श्रीहरी भोसले यांनी केलेला, पाठीवर कोणीच नाही, नुसता घोडा. मला आवडला. पण तुमचा तो नाही ना, मग तशीच भायखळ्याला गेले.

घोड्यावर बसलाय तो इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. तो युवराज असताना 1875-76 ला मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी पुतळा करून घेतला, बोहम नावाच्या शिल्पकाराकडून, आणि 1879 ला तो शहरात बसला. एवढा सगळा थाट राजाचा, आणि लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं! ते का ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. तुम्ही उभे राहायचात तशी मी चौथऱ्याला अगदी चिकटून उभी राहिले आणि वर बघितलं, तर राजाचं तोंड धड दिसतच नाही, घोड्याची छाती आणि मान तेवढी अंगावर येते. ब्राँझ काळंभोर झालंय, आयाळीत एक वाळकं पान अडकलं होतं, वाऱ्याने हलत होतं पण पडत नव्हतं. दहा-बारा वर्षांचे तुम्ही असेच मान वर करून बघत असाल असं वाटलं आणि मला एकदम भरून आलं, आजोबांचीही खूप आठवण आली.

फोटो काढलेत पण पाठवत नाही, तुम्ही स्वतः बघायचाय. गुडघ्यांचं टेन्शन घेऊ नका, बसत बसत जाऊ. फक्त बुधवार नको, बाग बंद असते. आई, तारीख कळव, तिकिटं मी काढते.

तुमची,
ताई