बाबा, पाईप का महागला ते सांगते

ह्यूस्टन, टेक्सास
14 जुलै 2021

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "पीव्हीसी पाईपाच्या भावाला आग लागलीय, तिकडं नक्की काय चाललंय?" आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. फोनवर हे कधी पुरं होणार नाही, म्हणून लिहितेय. कुणी परत "तुम्हीच माल दाबून ठेवलाय" म्हणालं, तर खुशाल हे पत्र वाचून दाखवा.

मी खरेदी बघते तो धंदा स्विमिंग पूलच्या सामानाचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पंप, फिल्टर, पाईप, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या. गेल्या वर्षी कोरोनामुळे लोक घरात अडकले, फिरायला जायचे पैसे शिल्लक राहिले, आणि ज्याच्या घरामागे जागा आहे तो उठून तलाव बांधायला लागला. ठेकेदार आता थेट पुढच्या वर्षीची तारीख देतात. पण नुसत्या मागणीने एवढी दाणादाण उडाली नसती.

फेब्रुवारीतली थंडी तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. ह्यूस्टनमध्ये पारा उणे 10 च्या आसपास गेला. एरवी इथे गारठा पडला की पंप चालू ठेवतात. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. पण वीजच गेली. पंप थांबले, नळ्यांतलं पाणी जागच्या जागी गोठलं, फुगलं आणि मिळेल ते फोडून बाहेर आलं. नंतर काउंटरवर एकाने आणलेला पंप अजून डोळ्यापुढे आहे. पोट उभं चिरलेलं, झाकणाची काच तडकलेली, आणि आतली जाळी मात्र शाबूत, तिच्यात ओकची पानं तशीच. असे पंप, हीटर, फिल्टर गावोगावी फुटले. 2019 च्या पुरानंतर आपल्याकडे मोटार रिवायंडिंगवाल्यांच्या दारात लागली होती, तशी रांग आमच्याकडे लागली.

आणि खरी मेख पुढेच आहे. ज्या थंडीने पाईप फोडले, तिनेच पाईपाचा कच्चा माल करणारे कारखाने बंद पाडले. अमेरिकेचं बहुतेक पीव्हीसी रेझिन टेक्सास आणि लुइझियानाच्या या किनारपट्टीवरच बनतं. एकीकडे मागणी वाढलेली, दुसरीकडे भट्ट्या थंड. इथून जहाजं कमी निघाली की भाव जगभर चढतात, आणि आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त रेझिन बाहेरूनच येतं. पलूसमध्ये तुमच्या अडीच इंची पाईपाचा दर रोज बदलतो, त्यात या थंडीचा मोठा वाटा आहे.

गोळ्यांची गोष्ट त्याच्याही आधीची. 27 ऑगस्ट 2020 ला लॉरा चक्रीवादळ लुइझियानात धडकलं. वेस्टलेकमधल्या बायोलॅब कंपनीच्या गोळ्यांच्या कारखान्यात पावसाचं पाणी शिरलं, रसायनाला लागलं आणि आग लागली. क्लोरीनचा धूर इतका की हमरस्ता बंद करून लोकांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं. या गोळ्या बनवणारे देशात मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक मोठा गेला. 50 पौंडांची, म्हणजे साधारण 23 किलोंची बादली आधी 80 डॉलरच्या आसपास मिळायची, ती यंदा 150 च्या पुढे गेलीय.

तुम्ही म्हणाल, आपला ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो तसं टाका की! टाकतातही. पण उघड्या तलावातलं साधं क्लोरीन इथलं ऊन काही तासांत खाऊन टाकतं. गोळीत सायन्युरिक ॲसिड असतं (मूळ कुठलं, तर युरियाचं!), ते क्लोरीनला धरून ठेवतं. पातळ क्लोरीनचे कॅन तापलेल्या गाडीत ठेवले तर ते नुसते पडून पडून कमजोर होतात. आणि या उकाड्यात दोन-तीन दिवस हयगय झाली की पाणी हिरवंगार.

वरून आम्हाला कोटा बांधून येतो, तो आम्ही खाली बांधून देतो: एका गिऱ्हाईकाला दोनच बादल्या. माझं मत विचाराल तर यातली बरीचशी टंचाई लोकांच्या गॅरेजमध्ये रचून ठेवलेली आहे. बातमी आली, की ज्याला उन्हाळाभर एक बादली पुरते तो चार नेतो. मरतो तो एका पिकअपवर घरोघरी तलाव साफ करत फिरणारा माणूस. त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले, भर उन्हाळ्यात वाढवून मागितले तर गिऱ्हाईक सुटतं. त्याला दोन बादल्या आठवडाभरही पुरत नाहीत. मोठे ठेकेदार फोनवर माल अडवून ठेवतात आणि हा बिचारा सकाळी सातला दारात उभा. आमच्या साहेबांशी मी यावरून दोनदा वाजवलं. आता निदान रोज फिरणाऱ्यांसाठी वेगळा माल काढून ठेवतो.

त्यात 19 जुलैपासून पंपांचा नवा सरकारी नियम येतोय. वीज कमी खाणारेच पंप बनवायचे, म्हणजे बहुतेक घरांना वेग कमी-जास्त होणारी मोटार घ्यावी लागणार. नियम चांगलाच आहे, वीजबिल खरोखर उतरतं. पण किंमत जुन्या पंपाच्या दुपटीच्या घरात, आणि आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड. चिपांचा जगभर दुष्काळ असताना बोर्ड आणायचे कुठून? जुने पंप संपायच्या आत पदरात पाडायला सध्या झुंबड आहे.

तुम्ही विचारत होता, दिवाळीआधी गोडाऊन भरून ठेवू का. मला नाही पटत. कारखाने पूर्ववत चालू लागले की दर केव्हा घसरेल सांगता येत नाही, आणि चढ्या भावाचा माल उरावर बसेल. पंधरा दिवस पुरेल एवढंच घ्या. पाईप जोडायचं सोल्युशन आणि फिटिंग मात्र थोडं जास्त ठेवा, त्यात पैसा कमी अडकतो. आणि ड्रिपवाल्यांना यंदा उधारी नको. दर टिकत नसताना उधारीत मुद्दलही जातं.

आई, तुझ्या कोरोना लसीच्या दुसऱ्या डोसची तारीख आली का? 84 दिवस होऊन गेले असतील. दादाला सांग, सकाळीच ग्रामीण रुग्णालयात नंबर लावून ठेव. मेतकूट पाठवायची घाई करू नका, पार्सलचे दर ऐकून बाबांना घेरी येईल.

तुमची,
मंजू