कवळीच्या मऊ अस्तराची मुदत रुग्णाला सांगा

महोदय,

रात्री कवळी पाण्यात ठेवण्याचे पथ्य बहुतेक ज्येष्ठ नेमाने पाळतात आणि ते पाळायलाच हवे, कारण कोरड्या पडलेल्या कवळीचा आकार बिघडू शकतो. मात्र जबड्याचे हाड झिजून हिरडी हळवी झाल्यामुळे ज्यांच्या कवळीला आतून मऊ अस्तर लावलेले असते, त्यांना पाण्याचा त्या अस्तरावर काय परिणाम होतो हे क्वचितच सांगितले जाते. दादरमध्ये दंतवैद्यकीचा व्यवसाय करताना मला ही उणीव वरचेवर जाणवते.

अॅक्रिलिकच्या अस्तराला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. हा पदार्थ मूळ द्रव्याशी रासायनिक बंधाने जोडलेला नसल्याने पाण्यात आणि लाळेत हळूहळू झिरपून जातो. थोडे पाणी आत शिरते खरे, पण त्याने ती तूट भरून निघत नाही आणि अस्तर कडक होत जाते. सिलिकॉन या दुसऱ्या प्रकारच्या अस्तराचा मऊपणा त्याच्या रेणूरचनेतच असतो, त्यामुळे ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात नमुने ठेवून शोअर ए मापकाने कठीणपणा मोजला असता ते साधारणतः अधिक काळ मऊ राहिलेले दिसते. पण ते कवळीला आपणहून चिकटत नाही, आणि सांध्यात पाणी शिरले की कडेने सुटू लागते. हिरडी बरी होईपर्यंत लावायचे तात्पुरते अस्तर तर काही दिवस ते काही आठवडे एवढ्यासाठीच असते.

तेच अस्तर वर्षानुवर्षे वापरून आलेल्या आजी ‘माझी हिरडीच खराब’ असे म्हणतात, तेव्हा वाईट वाटते. कवळी हातात घेऊन अस्तरावर नख दाबावे तर ते जराही दबत नाही, कड पिवळी पडून उचललेली असते, आणि नेमके त्याच जागी हिरडीवर लालभडक व्रण असतो. अस्तर बदलले की सुटणाऱ्या या दुखण्यापायी त्या आमटीत कुस्करलेल्या पोळीवर दिवस काढत असतात.

म्हणून कवळीसोबत प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेले एक कार्ड द्यावे. त्यावर अस्तराचा प्रकार, ते लावल्याची तारीख, पुढील तपासणीची तारीख आणि गरम पाणी न वापरण्याची सूचना असावी. मुंबईत याची सुरुवात महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयाने आणि फोर्टच्या शासकीय दंत महाविद्यालयाने करावी, तसेच आम्ही खासगी व्यावसायिकांनीही त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहू नये.

– एक दंतवैद्य, दादर, मुंबई