डोळ्यांचा दाब मोजून घे

देवगड,
भातकापणी उरकता उरकता

चि. सौ. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "ऑपरेशन कधी आहे?" असं विचारलंस, तेव्हाच ठरवलं की सविस्तर लिहायचं. ऑपरेशन नाहीये, निदान आता तरी नाही. मला निघालाय तो काचबिंदू. तुझ्या आईने अख्ख्या वाडीत "मोतीबिंदूच तो, पिकला की काढतील" असं सांगून ठेवलंय, ते तू तरी धरून बसू नकोस. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की माणसाला पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत खराब होते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. तिच्यात दहा-बारा लाख धागे असतात म्हणे, पण मेलेला एकही परत येत नाही. माझं गेलं ते गेलं. उरलंय ते राखायचं, आणि थेंब तेवढ्यासाठीच.

तू म्हणशील, मग इतके दिवस कळलं कसं नाही? दुखलं असतं तर कळलं असतं. या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी गळत नाही. नजर आधी कडेकडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत स्वच्छ राहते. एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, आणि त्यातूनही राहिलं तर मेंदू पदरचं घालून चित्र पुरं करतो. तालुक्याच्या शिबिरात मी तक्त्यावरच्या सगळ्या ओळी, खालची बारीक धरून, घडाघडा वाचल्या. एसटीत असताना दर तपासणीला वाचायचो तशाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ओळी पुरे, इकडे हनुवटी टेका." मग उजेड मारून बराच वेळ आत बघत बसल्या आणि म्हणाल्या, नस खोलगट झालीय, मोठ्या दवाखान्यात दाखवा.

म्हणून कोल्हापूर. फोंडाघाटाने गेलो, खिडकीशी बसून. ज्या घाटात रात्री-अपरात्री गाडी चढवली, तिथे कडेचा कठडा मला वळणावर दिसतच नव्हता, मान वळवली तेव्हा दिसला. ड्रायव्हर पोरगा चांगला होता, गिअर मात्र उशिरा टाकत होता. असो.

तिथे दाब मोजला. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरत असतं. निचरा कमी पडला की आतला दाब वाढतो आणि तो नसेवर येतो. साधारणपणे पाऱ्याचे 10 ते 21 मिलिमीटर हा दाब ठीक धरतात. माझा उजवा 26 निघाला, डावा 30. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. काहींचा दाब 21च्या आत असूनही नस झिजते, म्हणून नस डोळ्यांनी बघावीच लागते. त्यानंतर नजरेच्या पसाऱ्याची तपासणी, ज्याला ते 'फील्ड' म्हणतात. एका अर्धगोल यंत्रात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही काजव्यासारखा उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र मध्येच बंद पडलंय. यंत्र चालूच होतं. कागदावर डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला काळा पट्टा उमटला होता.

आता तुझ्याशी संबंध असलेलं सांगतो. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला होता?" मला आबा आठवले. शेवटी शेवटी त्यांना हात धरून विहिरीवर न्यायला लागायचं. सगळे म्हणायचे, वय झालं. नक्की काय होतं ते आता कोण सांगणार, पण डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आईबाप किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर तो आपल्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असते, आणि चाळिशीनंतर ती वाढत जाते. तू चाळिशीत आहेस. तेव्हा मुलीने डोळे दाखवलेच पाहिजेत, असं त्यांनीच बजावलंय.

आणि डोळे दाखवणं म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं नव्हे. तुझी काकी म्हणते, "माका सगळा दिसता, मगे डॉक्टर कित्याक?" तिला मी समजावणं सोडून दिलंय, तिला आणणं माझ्या भावाचं काम. तुला मात्र नेत्रतज्ज्ञांकडेच जायचंय. वडिलांना काचबिंदू आहे हे आत पाऊल टाकल्याबरोबर सांग. ते दाब मोजतील, निचऱ्याचा कोपरा उघडा आहे की अरुंद ते बघतील, बाहुली मोठी करून नस तपासतील. गरज वाटली तर फील्ड आणि नसेचं स्कॅन, ओसीटी म्हणतात ते, करायला सांगतील.

एक गोष्ट तू सांगायला विसरशील, म्हणून मुद्दाम लिहितो. लग्नाआधी चष्मा घालवायला तू लेसर करून घेतलंस. (माझा विरोध होता. तो चष्म्यासाठी नव्हता, पैशांसाठी होता, हे आता सांगायला हरकत नाही.) त्या लेसरने बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होतो, आणि पडदा पातळ असला की यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तुझा आकडा 16 आला तर 16 धरून खूश होऊ नकोस. त्यांना लेसरचं सांग, ते पडद्याची जाडी मोजून हिशोब लावतील.

छोट्याचंही आहे. त्याचे डोळे खाजतात म्हणून तू डॉक्टरांनी एकदा दिलेले थेंब औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणतेस, हे मला ठाऊक आहे. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का, ते आजच बघ. ही स्टेरॉइडं आहेत. लाली आणि खाज पटकन जाते, म्हणून औषध गुणाचं वाटतं. पण महिनोन्महिने घातली तर काहींच्या डोळ्यांचा दाब चढतो, मुलांचासुद्धा, आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. घरात काचबिंदू असेल तिथे धोका आणखी. बाटली घेऊन डॉक्टरकडे जा, ते ठरवतील कमी कसं करायचं ते. तोवर थंड पाण्याची पट्टी ठेव आणि चोळू देऊ नकोस.

या थेंबांचा आणखी एक प्रताप इथे नुकताच पाहिला. वाडीतल्या एकाच्या डोळ्यात झोडणीच्या वेळी भाताचं कूस गेलं. कुणीतरी असलेच थेंब दिले. दोन दिवस बरं वाटलं आणि मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. गवताकाडीने डोळ्याला जखम झाली की तिथे बुरशी धरते, आणि स्टेरॉइडने बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याला जिल्ह्याला नेलंय, उपचार चालू आहेत.

आपल्याकडे काचबिंदूचा दुसराही एक प्रकार पुष्कळ दिसतो, कोपरा एकदम बंद होण्याचा. तो मात्र गप्प बसत नाही. अर्धं डोकं फुटायची वेळ येते, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. आणि आपण काय करतो? पित्त उसळलं म्हणतो आणि आमसुलाचं पाणी पाजतो. असं कुणाचं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तशीच गाडी काढायची. काही तासांत नजर जाऊ शकते.

मला दोन तऱ्हेचे थेंब दिलेत. एकाआधी डॉक्टरांनी विचारलं, "दमा आहे का? नाडी मंद चालते का?" मी म्हटलं, अहो डोळ्यांचं बोलतोय ना आपण? तर तो थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतो आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतो. म्हणून थेंब घातला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसऱ्या थेंबाआधी पाच मिनिटं जाऊ द्यायची. रात्रीच्या थेंबाची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये आगळाच्या बाटलीशेजारी असते, उघडली की महिन्याभराने उरलेलं टाकून द्यायचं. त्या थेंबाने पापण्यांचे केस लांब होतात, हे खरंच आहे. तुझी आई म्हणते, या वयात नट्टापट्टा बरा सुचला. तिची स्वतःची साखर वर-खाली होतेय, तिच्याही डोळ्यांचा मागचा पडदा वर्षातून एकदा बघायला हवा. पुढच्या खेपेला तिलाही नेतो. खंड न पाडता घालतोय मी, काळजी नको. एखाद दिवस चुकला तर काही जाणवत नाही, आणि म्हणूनच माणसं चुकवतात.

तपासायला जाशील तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. जावयांना सोबत घे, काळा चष्माही. कागद मिळाले की फोटो पाठव, डिसेंबरात माझी फेरी आहे तेव्हा कोल्हापूरला दाखवीन.

तुझ्या भावाला वेगळं लिहीत नाही, तो पत्र वाचत नाही. हेच त्याला फोनवर वाचून दाखव आणि त्याचीही वेळ तूच घेऊन टाक.

तुझे
बाबा