विषय: जपानी कांजी (चिनी मुळाची अक्षरे) चिनी वळणात दाखवणारे आपले फ्लॅशकार्ड अ‍ॅप आणि पुसला गेलेला माझा उजळणीचा इतिहास

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल संध्याकाळी आपल्या ग्राहक सेवेशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले. ते बेचाळीस मिनिटे चालले आणि फोन ठेवल्यावर दोनच मिनिटांत ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. माझी तक्रार निकाली निघालेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, चिनी आणि जपानी लिपींतील समान मुळाच्या पुष्कळ अक्षरांना एकच सांकेतिक क्रमांक आहे आणि पडद्यावर कोणते वळण उमटेल ते फॉन्टवर अवलंबून असते, हे आपल्या तंत्रज्ञांना सांगण्याची गरज नाही. मजकुराची भाषा जपानी आहे अशी खूण कार्डावर नसेल, तर फोन स्वतःच्या क्रमाने फॉन्ट निवडतो आणि पुष्कळदा तो चिनी असतो. आपल्या अ‍ॅपमध्ये डेकची, म्हणजे कार्डांच्या संचाची, भाषा ‘जपानी’ ठेवण्याची सोय आहे आणि ती मी पहिल्याच दिवशी वापरली. मात्र त्या निवडीचा परिणाम फक्त आवाजावर होतो, अक्षरांवर होत नाही, हे मला अकरा महिन्यांनी कळले.

तेही माझ्या शिक्षिकेमुळे कळले. ‘नाओसु’ म्हणजे दुरुस्त करणे, या क्रियापदाची कांजी मी वहीत लिहिली होती. जपानी वळणात तिच्या डाव्या अंगाने एक रेघ खाली उतरते आणि तळाशी उजवीकडे वळते. मी मात्र तळाशी नुसती आडवी रेघ ओढली होती. ‘होने’ म्हणजे हाड, या कांजीच्या वरच्या चौकटीतला छोटा कोपरा जपानीत उजवीकडे असतो, तो मी डावीकडे काढला होता. शिक्षिकेने दोन्हींभोवती लाल वर्तुळ करून, हे चिनी पुस्तकातून शिकलात का, असे विचारले. मी आपल्या अ‍ॅपमधून शिकले होते. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत हाताने लिहावे लागत नाही, हे मला माहीत आहे. पण मी परीक्षेपुरती शिकत नाही, आणि नित्य वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ ‘जोयो’ कांजींपैकी ज्या मला येतात असे मी समजत होते, त्यांतल्या किती चुकीच्या वळणाने हातात बसल्या आहेत, हे आता मला एकेक तपासावे लागत आहे.

कालच्या संभाषणात मी हे सगळे आपल्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, अर्थ कळतोय ना?” अर्थ कळतो, पण आकार चुकीचा आहे, असे मी म्हटले. “अक्षर तर तेच आहे ना?” मी त्यांना मराठीचे उदाहरण दिले: पाकळीचा ‘ल’ आणि दंडाचा ‘ल’ आपण दोन्ही वाचतो, कारण आपल्याला लिपी आधीपासून येते, पण जो लिपीच नव्याने शिकतो आहे त्याच्यासमोर जे ठेवाल तेच तो गिरवतो. यावर ते म्हणाले, “ल तो ल च, मॅडम. जपानी काय, चिनी काय, सगळी चित्रंच आहेत.” काही क्षण मला बोलताच आले नाही. जपानी शिकवण्यासाठी वर्षाची वर्गणी घेणाऱ्या कंपनीचा माणूस त्या लिपीला ‘सगळी चित्रंच’ म्हणत होता. मग त्यांनी उपाय सुचवला, की पूर्ण फोनचीच भाषा जपानी करावी. मला अजून तेवढे वाचता येत नाही, असे सांगितल्यावर त्यांचे उत्तर होते, “मग तेवढाच सराव होईल.” फोनच्या भाषांच्या यादीत जपानी दुसऱ्या क्रमांकावर जोडली, तरी अनेक फोनवर वळण सुधारते, ही साधी गोष्ट मला माझ्या शिक्षिकेने रात्री सांगितली. चार वेळा बोलूनही आपल्याकडून ती कोणी सांगितली नाही.

याहून मोठे नुकसान तिसऱ्या फोनच्या वेळी झाले. अ‍ॅप काढून पुन्हा घ्या, सगळे क्लाउडवर सुरक्षित आहे, असे मला सांगण्यात आले आणि मी तसे केले. कार्डे परत आली, उजळणीचा इतिहास आला नाही. अंतराने उजळणी करण्याच्या पद्धतीचा सगळा आधार तो इतिहासच असतो: कोणते कार्ड चार दिवसांनी विचारायचे आणि कोणते चार महिन्यांनी, हे त्यावरून ठरते. आता माझी १,४०० कार्डे ‘नवी’ झाली आहेत. रोज वीस या हिशेबाने ती सगळी एकदा समोर यायलाच सत्तर दिवस लागतील. पहिल्या आठवड्यात पाठ झालेली हिरागाना या प्राथमिक जपानी लिपीची अक्षरे आणि काल रात्री जोडलेला शब्द अ‍ॅपला आज सारखेच वाटतात. अ‍ॅप काढण्यापूर्वी बॅकअप घ्या, एवढे एक वाक्य आपल्या प्रतिनिधीने उच्चारले असते, तर माझे अकरा महिने वाचले असते.

प्रश्नाच्या बाजूला फुरिगाना, म्हणजे कांजीलगत छोट्या अक्षरांत दिलेला उच्चार, झाकता येत नसल्यामुळे वाचन आधीच उघडे पडते, ही तक्रार मी पहिल्या फोनमध्येच नोंदवली होती. तिचे पुढे काय झाले, ते मला कळवलेले नाही.

आपले अ‍ॅप मी वर्गातल्या तिघींना आग्रहाने घ्यायला लावले होते. माझ्या शब्दावर त्यांनी पैसे भरले आणि त्यांच्या वह्यांतही तीच वळणे उतरली आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. आपल्या सर्व्हरवरील जुन्या प्रतीतून माझा उजळणीचा इतिहास परत मिळवून द्यावा, आणि ते शक्य नसेल तर तसे लेखी सांगून वर्षाची पूर्ण वर्गणी परत करावी. डेकची भाषा जपानी निवडल्यावर अक्षरेही जपानी फॉन्टमध्येच दिसतील, अशी दुरुस्ती करावी आणि ती होईपर्यंत या दोषाची सूचना अ‍ॅपमध्ये ठळकपणे द्यावी, कारण नव्याने शिकणाऱ्याला आपण चुकीचे गिरवत आहोत हे स्वतःहून कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. पुसला गेलेला इतिहास ही माझी चूक नाही, हे मी पुन्हा एकदा नोंदवते. मी आपल्याच माणसाने सांगितले तसे वागले.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन आणि चारही फोनच्या नोंदी सोबत जोडेन. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. उत्तर लेखी द्यावे, आणि ज्याला जपानी वाचता येते अशा व्यक्तीने द्यावे.

आपली,
एक वार्षिक वर्गणीदार