बोर्दोहून (फ्रान्स) आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

मी ठणठणीत आहे आणि वेळेवर जेवते. आई, गुहेत मी एकटी कधीच जात नाही गं, आणि आदिमानवाच्या चित्रांची ती लास्कोची खरी गुहा तर 1963 पासून लोकांसाठी बंदच आहे, माणसांच्या श्वासाने भिंती खराब व्हायला लागल्या होत्या, आम्हीपण जवळ बांधलेली हुबेहूब नक्कल बघतो. तेव्हा दरड कोसळेल वगैरे डोक्यातून काढ.

इथलं एक मात्र अजून पचनी पडत नाही. दुपारी 12 वाजले की गावं बंद, म्हणजे बँक, पोस्ट, चपलांचं दुकान, लहान गावात तर म्युझियमचं तिकीटसुद्धा 2 पर्यंत मिळत नाही. आणि झोपत नाहीत हां, बसून जेवतात, आधी सॅलड, मग मेन, मग चीज, मग गोड, मग कॉफी, घाई म्हणून नाही. मी डेस्कवर डबा उघडला तर मॅडम स्वतः उठवायला आल्या, चल टेबलावर म्हणून.

बाबा, तुम्ही विचारलंत की जुनी चित्रं बघायचा पगार कशाला देतात. पूर्वी ब्रय नावाचे पाद्री आणि बरेच जण म्हणायचे की शिकार मिळावी म्हणून ती काढली. पण लास्कोत सापडलेली हाडं बहुतेक रेनडिअरची, आणि भिंतीवर रेनडिअर जेमतेम एक, बाकी घोडे, रानबैल, हरणं! म्हणजे खायचे एक आणि काढायचे दुसरंच, तेही आत अंधारात, चरबीच्या दिव्यावर. नंतर लरवा-गुराँ नावाच्या संशोधकांनी प्राण्यांच्या जोड्यांवरून अर्थ लावला, कुणी म्हणतं तंद्रीत दिसलेलं काढलं. माझं म्हणणं एवढंच की अर्थ लावायच्या आधी ती रेघ बघा, नुसता तोडगा असता तर घोड्याची मान इतकी देखणी काढायचं काय अडलं होतं? आपल्या कोकणात कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीबद्दलही मला हेच विचारायचंय. आपली कातळशिल्पं 2022 ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली तेव्हा इथे सगळ्यांना फोटो मी दाखवले. त्यामुळे मी तिकडची राहिले नाही असं काकांना वाटू देऊ नका, काम तिकडे येण्यासाठीच चाललंय.

पैसे सोमवारी पाठवलेत. आईच्या गुडघ्याची तारीख घ्या, यंदा मोहोर कमी म्हणून पुढे ढकलू नका, मी आहे. चिपळूणच्या स्थळाला एवढ्यात काही कळवू नका, कॉन्ट्रॅक्ट वाढतंय का ते कळू दे, आणि मुलगा चांगला असेल तर थांबेल ना. दादाच्या साखरपुड्याला मला येता येत नाहीये, त्याच आठवड्यात परिषदेत माझा पेपर आहे. दादाला मीच फोन करते, तुम्ही आधी सांगू नका. वहिनीच्या साडीचे वेगळे पाठवते, तिला आवडेल तीच घ्या, किंमत बघू नका.

तुमची,
सोनू