माफ करायला लावण्याआधी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वसईतल्या एका मिशनच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पटावर कॅथलिक मुलं आहेत, तशीच कोळी, आगरी, वारली मुलंही आहेत. कामासाठी उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची मुलंही आता बरीच आहेत. माझी मागणी एकच आहे. लहान मुलं एकमेकांना जो त्रास देतात, तो थांबवण्याची जबाबदारी प्रत्येक प्राथमिक शाळेवर लेखी टाका, आणि त्यातून आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना वगळू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीस आली, त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) यांबद्दल कडक आदेश काढले. ते हवेच होते. पण या सगळ्यांचा रोख मोठ्या माणसांकडून होणाऱ्या अत्याचारावर आहे. चौथीतला मुलगा दुसरीतल्याला रोज पाण्याच्या नळाशी अडवतो, त्याचं काय करायचं हे त्यातून कळत नाही. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायची तर लिहिता यायला हवं, आणि पहिलीतलं मूल जेमतेम स्वतःचं नाव लिहितं. कॅमेऱ्यात ढकलाढकली दिसते. पण सगळ्या वर्गाने एकीशी कट्टी घेतली आणि तिच्या शेजारी बाकावर कुणी बसत नाही, हे कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.

एक उदाहरण देते. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, पुन्हा बोललं की नावापुढे फुली मारतो. ही पद्धत महाराष्ट्रातल्या हजारो वर्गांत आहे. तिसरीतली एक मुलगी डब्यात नुसती कोरडी पोळी आणायला लागली. भाजी नको, लाडू नको, काही नको. आईला वाटलं, पोरगी खाण्याचे नखरे करते. खरं कारण बऱ्याच दिवसांनी कळलं: डब्यात चांगलं काही असलं की फळ्यावरचं नाव पुसण्याच्या बदल्यात ते मॉनिटरला द्यावं लागायचं. ती गप्प राहिली, कारण मॉनिटर बाईंनीच नेमलेला. मग तक्रार कुणाची आणि कुणाकडे करायची? त्या वर्गात फळ्यावर नावं लिहिणं बंद केलं. मॉनिटर दर आठवड्याला बदलायचा, आणि त्याचं काम फक्त वह्या गोळा करणं आणि खडू आणणं. दिवस संपताना मुलांनीच सांगायचं, आज कुणी कुणाला मदत केली. "रोहनने मला पेन्सिल दिली" एवढंसं वाक्य असतं, पण त्यासाठी हात वर करणारी मुलं वाढत जातात आणि वर्गाची हवा बदलते. चांगलं वागणं असं नाव घेऊन, नेमकं काय केलं ते सांगून कौतुक केल्याने रुजतं. नुसतं "शहाणी मुलं हं" म्हणून काही होत नाही.

आता ख्रिस्ती शाळांबद्दल. हे मी श्रद्धेने लिहिते आहे. आमच्याकडे क्षमेला मोठं मोल आहे आणि ते तसंच राहायला हवं. पण पुष्कळदा होतं असं की दोघांना समोरासमोर उभं करतात, एकाला सॉरी म्हणायला लावतात, दुसऱ्याला सांगतात, "माफ कर, येशूनेही माफ केलं." हात मिळवतात आणि दोन मिनिटांत प्रकरण मिटतं. ज्या मुलाने महिनाभर सोसलं, त्याच्यावरच आणखी एक काम येऊन पडतं. त्याने कां-कूं केली तर तोच हट्टी ठरतो. हे शुभवर्तमानाला धरून नाही. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. त्याने लुबाडलेलं चौपट परत करण्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. म्हणजे आधी झालेलं नुकसान भरून काढायचं. उद्याच्या मधल्या सुट्टीत मला कुणी हात लावणार नाही, ही खात्री त्या मुलाला मिळाली पाहिजे. मग तो त्याच्या मनाने, त्याच्या वेळेला माफ करेल.

येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीतही याजक (धर्मगुरू) आणि लेवी (मंदिराचा सेवक) जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या कडेने निघून जातात. वर्गात असे बाजूने जाणारेच जास्त असतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा शाळांसाठीचा कार्यक्रम नेमका याच बघ्या मुलांवर काम करतो. चिडवणाऱ्याला जोर मिळतो तो हसणाऱ्यांमुळे, आणि हसणं थांबलं, एकजण उठून त्रास झालेल्या मुलाशेजारी जाऊन बसला, की तो जोर ओसरतो. हे मुलांना शिकवता येतं. खेळातून, नाटुकल्यातून पहिलीपासून शिकवता येतं. आपल्या शासनाने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आणला, त्यात यासाठी जागा आहे. पण "बाईंना सांगणं म्हणजे चहाडी" हा समज जाईपर्यंत मूल सांगणार नाही, आणि तो घालवणं शिक्षकांच्याच हातात आहे.

तुम्ही म्हणाल, अल्पसंख्याक शाळांवर आमचा हात पोचत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं. पण ६ मे २०१४ रोजी 'प्रमती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा संपूर्ण कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्याची वाट पाहायची गरज नाही. अल्पसंख्याकांच्या संस्था चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना १९५८ मध्येच सांगितलं आहे. सातव्या वर्षी शाळेला जायच्या नुसत्या विचाराने ज्याचं पोट दुखतं, त्या मुलाचं रक्षण करणं कुठल्याही धर्माच्या शाळेच्या आड येत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनामार्फत सरकारी खर्चाने चालणाऱ्या चर्चच्या शाळा पुष्कळ आहेत. तिथल्या २००६ च्या शिक्षण व तपासणी कायद्याच्या कलम ८९ नुसार चांगल्या वागणुकीला उत्तेजन देणं आणि मुलांमधला सर्व प्रकारचा छळ रोखणं यासाठी उपाय ठरवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकावर आहे. अशा चर्चच्या शाळाही त्यातून सुटत नाहीत, आणि त्यांचा ख्रिस्तीपणा त्याने कमी झालेला नाही.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. या आदेशाचा अर्थ "दांडगाई करणाऱ्याला धडा शिकवा" असा होऊ देऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या वसईतच, शाळेत उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढायला लावलेली सहावीतली मुलगी नंतर दगावल्याची बातमी आली. आम्ही सगळे हादरलो. जे मूल दुसऱ्याला मारतं ते अनेकदा घरी मार खाणारं असतं. त्याला आणखी मारून ते एवढंच शिकतं की पुढच्या वेळी बाईंच्या नजरेआड मारायचं.

तेव्हा आदेशात काय असावं? प्रत्येक शाळेने सोप्या मराठीत एक पानभर धोरण लिहावं आणि जूनच्या पहिल्या पालक सभेत वाचून दाखवावं. मुलांनी कुणाकडे जायचं, त्या बाईंचं किंवा सरांचं नाव त्यात असावं. शाळेच्या रिक्षात आणि व्हॅनमध्ये होणारा त्रासही त्यात धरावा, कारण सगळ्यात लहान मुलं तिथेच कोंडली जातात. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत याचं प्रशिक्षण व्हावं आणि अल्पसंख्याक शाळांच्या शिक्षकांनाही त्याचं बोलावणं असावं. आणि मधल्या सुट्टीत आम्हाला मैदानात राहू द्या. त्या वेळात शिक्षक पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरत ऑफिसात बसलेले असतात, आणि नळाशी, स्वच्छतागृहाच्या बोळात जे व्हायचं ते नेमकं तेव्हाच होतं. मुलांवर लक्ष ठेवायला मोठं माणूस हजर असण्याची सर दुसऱ्या कशालाच नाही.

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. जिथे वर्षभरात एकही तक्रार नाही, त्या शाळेची पाठ थोपटू नका. तिथे जास्त वेळ थांबा, मुलांशी बोला. तक्रारींच्या आकड्यावरून शाळेची बदनामी होणार असेल तर प्रत्येक मुख्याध्यापक वही कोरी ठेवेल.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी हा शासन निर्णय निघावा, आणि तो आमच्या शाळांनाही लागू आहे हे त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असावं, ही विनंती.

आपली नम्र,
वसईतील एक प्राथमिक शिक्षिका